‘तुम्ही आम्हाला सहन करता, ते कळतं आम्हाला’

वाचक शेजारणीचं पत्र (थोडं आटोपशीर करून, नावं गाळून):

आमच्या इमारतीत ४८ घरं आहेत. गेल्या सहा-सात वर्षांत त्यांतली चौदा-पंधरा घरं एका वेगळ्या समाजाच्या लोकांनी घेतली. भाषा वेगळी, धर्म वेगळा. माणसं तशी नाकासमोर चालणारी. मी कमिटीची सेक्रेटरी आहे. त्यांना दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनेसाठी खालचा हॉल हवा असतो. बाहेरचे पाहुणेही येतात. जिन्यात तीस-चाळीस जोड चपला-बूट, पाय ठेवायला जागा नाही. शिवाय मोठ्याने गाणं. लिफ्टमध्ये दोघं-तिघं भेटली की आपल्या भाषेत बोलतात, मध्येच हसतात. मला वाटतं, माझ्याबद्दलच चाललंय. खरं सांगते, यातलं मला काही आवडत नाही.

पण हॉल द्यायचा की नाही यावर मतं घेतली तेव्हा मी हात वर केला. दोघांचा विरोध होता, तोही मोडून काढला. एरवी वाढदिवस, सराव वगैरेंसाठी कुणाला हॉल हवा असला तर वहीत नाव लिहिलं की झालं. यांचा मात्र दर महिन्याला रीतसर अर्ज असतो, मी सही करते. आजवर एकदाही अडवलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. माझ्याच वयाच्या. सही करता करता मी म्हणाले, ‘आमची काही हरकत नसते हो, तुमचं चालू द्या.’ त्या हसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही आम्हाला सहन करता, ते कळतं आम्हाला.’ कागद घेतला आणि गेल्या. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. घरी सांगितलं तर मुलगा म्हणतो, ‘आई, तू सहिष्णू नाहीस. तू फक्त सुशिक्षित आहेस.’

माझं काय चुकलं? मनातून आवडत नसताना चालू देणं हे ढोंग का? सगळ्यांच्या ओळखी व्हाव्यात म्हणून एखादा स्नेहमेळावा घ्यावा असं मनात आहे. आणि कमिटीतले एक गृहस्थ दर मीटिंगला म्हणतात, ‘आज हॉल दिला, उद्या इमारत मागतील.’ त्यांना काय सांगावं तेही सुचत नाही.

उत्तर:

प्रिय शेजारीण,

आधी तुमच्या मुलाचं बघू. वाक्य टाळीचं आहे, पण चुकलंय. जे आवडतं ते सहन कुठे करावं लागतं? ‘सहिष्णुता’ या शब्दात ‘सह्’ हा धातू बसलेला आहे आणि त्याचा अर्थ सोसणं. युरोपातल्या भाषांनी ज्या लॅटिन शब्दावरून आपापले शब्द घडवले, तोही सोसण्याचाच. म्हणजे मुळात काहीतरी खुपलं पाहिजे, ते थांबवायची थोडीफार ताकद हाती पाहिजे, आणि तरीही न थांबवण्याचं कारण मनाला पटलेलं पाहिजे. खुपतच नसेल तर ती आवड, नाहीतर बेफिकिरी. ताकदच नसेल तर तो नाइलाज. तुम्हाला खुपतं, सही तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही विरोध मोडून हात वर केलात. याला सहिष्णुताच म्हणतात. ती सुशिक्षितपणातून आली असली तरी बिघडलं काय?

या बाबतीत अभ्यासकांचीही एकदा फसगत झाली होती. अमेरिकेत १९५४ साली सॅम्युअल स्टाउफर यांनी मोठी पाहणी केली. कम्युनिस्ट, नास्तिक अशांना जाहीर भाषण करू द्यावं का, कॉलेजात शिकवू द्यावं का, असे प्रश्न होते. पुष्कळांची उत्तरं ‘नको’ अशी आली. वीसेक वर्षांनी तेच प्रश्न विचारले तर उत्तरं बरीच मवाळ झालेली. लोक सहिष्णू झाले म्हणून सगळे खूश. मग जॉन सुलिव्हन, जेम्स पियरसन आणि जॉर्ज मार्कस या तिघांनी शंका काढली, की लोकांना आता कम्युनिस्टांची तेवढी चीडच राहिली नसेल तर? १९७९ मध्ये त्यांनी पद्धत उलटी केली. आधी विचारायचं, तुम्हाला सगळ्यांत नावडता गट कोणता? तो तुम्हीच निवडा. आणि मग, त्या गटाच्या माणसाला सभा घेऊ द्याल का, शाळेत शिकवू द्याल का? झालं, वाढलेली सहिष्णुता बरीचशी विरून गेली. परीक्षा नावडत्याच्या बाबतीतच होते, आणि तुम्ही ती एकदा दिली आहे.

आता टोचेल असं सांगते.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपण मुलांच्या भांडणात वापरतो. मला विचाराल तर गटागटांमधल्या वागण्याबद्दल शेकडो शोधनिबंधांत जे आहे त्यातलं निम्मं या म्हणीत येतं. पश्चिम युरोपातल्या पाच देशांत लोकांना धर्माशी जोडलेल्या प्रथांबद्दल विचारलं गेलं, एकदा त्या मुस्लिमांच्या म्हणून आणि एकदा ख्रिश्चनांच्या म्हणून. काही जण दोन्हीकडे सारखेच नाराज निघाले. त्यांचा आक्षेप त्या प्रथेवर होता. आवडो न आवडो, तो प्रामाणिक आक्षेप. दुसरे काही असे, की ख्रिश्चनांचं म्हटलं की चालतं आणि मुस्लिमांचं म्हटलं की तत्त्व आठवतं. वरून बघाल तर दोघंही ‘आमचा प्रथेला विरोध आहे’ असंच म्हणतात. म्हणून दुसऱ्याच्या वागण्याचा त्रास होतो तेव्हा स्वतःला एकच विचारून बघायचं: हेच बाब्याने केलं असतं तर?

तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे. ती लिहिताना तुम्हाला काही वाटलं नसावं, म्हणूनच मला ती फार महत्त्वाची वाटते. वाढदिवसाला, सरावाला हॉल हवा असला की वहीत नाव लिहिलं की झालं. यांना दर महिन्याला अर्ज. का हो? हा नियम कुणी केला? मला खात्री आहे, वाईट हेतूने कुणीच केला नसणार. पहिल्यांदा विचारायला आले तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं असेल, ‘एक अर्ज देऊन ठेवा.’ मग पुढच्या महिन्यात त्यांनीच दुसरा आणला असेल. असेच नियम तयार होतात. पण आज त्याचा अर्थ एवढाच उरतो की ४८ घरांपैकी तेहतीस-चौतीस घरं हॉल वापरतात आणि चौदा-पंधरा घरं हॉल मागतात. तुम्ही एकदाही अडवलं नाही, हे खरं. पण दर महिन्याला अडवता येण्याच्या जागी तुम्ही बसलेल्या असता, आणि हे त्यांना दर महिन्याला दिसतं.

तुमच्या बाकीच्या तक्रारींनाही बाब्याच्या फुटपट्टीने मोजू. चपला-बुटांची तक्रार शंभर टक्के खरी. रात्री दिवे गेले आणि कुणी त्या ढिगात अडकून पडलं तर तो ढीग कुठल्या धर्माचा होता हे हाडांचा डॉक्टर विचारणार नाही. ती बोला, मोकळेपणाने बोला. खूप भले लोक इथेच चुकतात. ‘काही बोललं तर आपण असहिष्णू दिसू’ म्हणून साधी तक्रार पोटात ठेवतात, ती आत आंबत राहते आणि मग कधीतरी भलत्याच विषयावर फुटते. समोरच्याला तक्रार करण्याएवढंही आपलं न मानणं हाही परकेपणाच की.

गाण्याचं थोडं मिश्र आहे. आवाजाला वेळेची आणि पातळीची मर्यादा असावी, पण ती वाढदिवसाच्या स्पीकरलाही तीच.

लिफ्टमधल्या भाषेबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही. मी एका कचेरीत होते तेव्हा शेजारच्या टेबलावर दोघी आपल्या भाषेत कुजबुजायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि हसायच्या. दीड वर्ष मी मनात त्यांचा हिशोब ठेवला. पुढे कानावर पडून पडून ती भाषा थोडी कळायला लागली. एक दिवस बोलणं समजलं. एकीच्या भाचीचा निकाल लागला होता आणि ती गणितात कशीबशी सुटली होती. माझ्याकडे बघायच्या, कारण माझ्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ होतं आणि दोघींना पाचची गाडी पकडायची असायची. दीड वर्ष मी त्या घड्याळावर रुसले होते.

अनोळखी गटाचं आपल्याला सगळं एकसारखं दिसतं, ही त्यातली मेख. आपल्यातल्या एकाने उद्धटपणा केला तर तो ‘अमक्याचा स्वभाव’, त्यांच्यातल्या एकाने केला तर ‘ते तसेच’. १९८० मध्ये जॉर्ज क्वाट्रोन आणि एडवर्ड जोन्स यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि रटगर्स या शेजारच्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांवर हे पाहिलं. एका विद्यार्थ्याने काय निवडलं ते दाखवायचं आणि विचारायचं, त्याच्या विद्यापीठातले किती जण हेच निवडतील? विद्यार्थी समोरच्या विद्यापीठाचा असला की एकावरून सगळ्यांचा अंदाज बांधायची घाई जास्त. ना धर्म, ना भाषा, नुसती दोन कॉलेजं!

हेन्री ताइफेल यांनी तर त्याहून कमी सामानात काम भागवलं होतं. पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू गृहस्थ, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत पडले. सुटून आले तेव्हा घरातलं जवळपास कुणी उरलं नव्हतं. पुढे मानसशास्त्राकडे वळले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना त्यांनी सांगितलं, की चित्रं कुणाची आवडतात, क्लीची की कँडिन्स्कीची, यावरून तुमचे दोन गट केले आहेत. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटेल तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग त्यांना दुसऱ्यांमध्ये पैसे वाटायला दिले, त्या वाटणीतून स्वतःला एक छदामही मिळणार नव्हता. तरी मुलं आपल्या गटाला झुकतं माप देत राहिली. त्याहून गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाहीच, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही वाटा पुष्कळांनी निवडला. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. लिफ्टमध्ये जे वाटतं ते वाटणारच. वाटण्याला इलाज नाही, वहीला आहे.

आता त्या बाईंचं वाक्य. तुम्हाला ते थोबाडीत बसल्यासारखं वाटलं कारण ते खरं होतं, आणि कृतघ्नपणाचं वाटलं कारण तुम्ही खरोखरच त्यांच्या बाजूने उभ्या राहिला होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातले मायकेल व्हर्काउटन सहिष्णुतेच्या मानसशास्त्रावर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला, की ज्याला सहन केलं जातं त्याला कसं वाटतं? अल्पसंख्य गटांतल्या लोकांना विचारल्यावर दिसलं, की ‘आपल्याला सहन केलं जातंय’ ही भावना उघड भेदभावाएवढी जाचक नसली तरी बोचतेच. मान कमी झाल्यासारखा वाटतो, आपलं इथलं असणं पक्कं नाही असं वाटतं, मनःस्वास्थ्यावरही त्याची छाया पडते. कारण सहन करण्यात एक न बोललेलं वाक्य असतं: तुझ्यात काहीतरी खटकणारं आहे, पण असू दे. सोसणाऱ्याला ‘असू दे’ ऐकू येतं. ज्याला सोसलं जातं त्याला ‘खटकणारं’ ऐकू येतं.

आणि ‘असू दे’ म्हणणारा उद्या ‘नको’ म्हणू शकतो. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतचा हुकूम काढून प्रोटेस्टंटांना त्यांच्या धर्माने वागायची मुभा दिली. त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट. पण मुभा राजाने दिलेली होती, म्हणून १६८५ मध्ये त्याच्या नातवाने, चौदाव्या लुईने, ती काढून घेतली. दोन लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली. ४८ घरांच्या इमारतीला फ्रान्सचा इतिहास लावणं थोडं अतीच होतंय, कबूल. पण कमिटी दर काही वर्षांनी बदलते. तुमच्या जागी ते ‘उद्या इमारत मागतील’वाले गृहस्थ आले तर त्या अर्जाचं काय होईल? हा विचार त्या बाईंनी केलेला असणार.

मराठीत या सगळ्याला आपल्याकडे एक छान चढण आहे. खपवून घेणं, चालवून घेणं, सांभाळून घेणं, सामावून घेणं. तुम्ही तिसऱ्या पायरीपाशी आहात असं तुम्हाला वाटत होतं, त्या बाईंना तुम्ही दुसऱ्या पायरीवर दिसलात. अंतर एवढंच आहे. पण मला पायऱ्यांपेक्षा तुमच्या वाक्यातलं सर्वनाम जास्त खटकलं. ‘आमची काही हरकत नसते, तुमचं चालू द्या.’ आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. कितीतरी भाषांत ही सोय नाही, त्यामुळे तिथे लपवता येतं. मराठीत नाही येत. घरपट्टी त्या बाईही भरतात, जिना झाडायचा खर्चही त्यांच्या वाट्याला येतो, आणि तुम्ही म्हणालात ‘आमची’.

सॅम्युअल गार्टनर आणि जॉन डोव्हिडिओ या दोघांनी नेमक्या याच ‘आपण’वर काम केलं आहे. दोन गटांना एका मोठ्या गटाची जाणीव झाली, की पूर्वीचे ‘ते’ त्यात येतात आणि आपल्या माणसांना मिळणारं झुकतं माप त्यांनाही मिळू लागतं. पण जपून. संख्येने मोठ्या गटाला हे ‘आपण’ फार सोपं वाटतं, कारण त्या ‘आपण’चा चेहरा बहुधा त्यांच्यासारखाच असतो. लहान गटाला भीती वाटते की आपण विरघळून जाऊ. म्हणून ‘आपण सगळे एकच, मग गुरुवारची प्रार्थना कशाला वेगळी’ असलं काही म्हणू नका. इमारतीचे आपण, आणि गुरुवारी संध्याकाळी ते ते. दोन्ही राहू द्या.

आता स्नेहमेळावा. नका घेऊ. निदान आत्ता नको.

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथे मुझफ्फर शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकराएक वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले, चढाओढीचे सामने लावले, आणि बघता बघता झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. (मुलांना आपल्यावर प्रयोग चालू आहे हे माहीत नव्हतं आणि वितुष्ट मुद्दाम पेटवलं होतं. आज कुणी असं केलं तर पालक कोर्टात जातील, आणि जावंच.) मग समेटासाठी दोन्ही गटांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. म्हणजे स्नेहमेळावाच. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडला तो नंतर. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि टाकीपासूनच्या नळात बिघाड कुठे आहे ते दोन्ही गटांना मिळून शोधावं लागलं. एकदा ट्रक सुरू होईना, तर रस्सीखेचीत एकमेकांविरुद्ध ओढलेला तोच दोर सगळ्यांनी मिळून ट्रकला बांधला आणि ओढला.

त्याच १९५४ साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी लिहिलं, की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतीलच असं नाही. दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य हवं, आणि वरच्यांचा, म्हणजे संस्थेचा किंवा कायद्याचा, पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास, अडीच लाख माणसं, एकत्र करून पाहिलं. चारही अटी नसल्या तरी संपर्काचा उपयोग होतो, असल्या तर जास्त होतो. तुमच्या स्नेहमेळाव्यात काय होईल ते मी डोळ्यांसमोर आणू शकते: ते खिडकीकडच्या खुर्च्यांवर, तुम्ही दाराकडच्या, मध्ये मुलं पळापळी करतायत, आणि आभार मानताना ‘आमच्या या बांधवांनी’ असं कुणीतरी म्हणतंय.

त्यापेक्षा क्रिकेट बघा. उत्तर प्रदेशात मॅट लोव या अर्थतज्ज्ञाने ८०० तरुणांची क्रिकेट लीग भरवली. काही संघ एकाच जातीगटाचे, काही मिसळलेले, आणि हे चिठ्ठीने ठरलेलं. ज्यांना वेगळ्या जातीचे सहकारी संघात मिळाले त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. ज्यांना वेगळ्या जातीचे प्रतिस्पर्धी मिळाले त्यांच्या कमी झाल्या. म्हणजे भेट दोन्हीकडे झाली, पण कुठल्या बाजूने उभं राहून झाली त्यावर सगळं.

फार आशा मात्र धरू नका. इराकमध्ये सल्मा मूसा यांनी फुटबॉलचा असाच प्रयोग केला. आयसिसच्या हल्ल्यांनी घरदार सुटलेल्या ख्रिश्चन खेळाडूंपैकी काहींच्या संघात मुस्लिम खेळाडू घातले. मोसम संपल्यावर सहा महिन्यांनीही ते मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करताना दिसत, खिलाडूपणाच्या बक्षिसासाठी त्यांना मत देत. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांच्या बाबतीत, वागण्यात फारसा फरक पडला नाही. ओळख झालेल्या माणसापुरतीच माया पुढे सरकली. माझं मत विचाराल तर एका इमारतीला तेवढी पुरते.

राहता राहिले ते गृहस्थ. त्यांना वादात हरवायचा बेत असेल तर सोडून द्या. जेम्स गिब्सन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात रशियन नागरिकांना पटवण्याचा प्रयत्न केला, असहिष्णूंना सहिष्णुतेकडे आणि सहिष्णूंना उलट दिशेने. दुसरं जास्त सोपं गेलं. तुमच्यासारख्यांना ‘उद्या इमारत मागतील’ ऐकून चुळबुळ होते. त्यांना तुमचं ऐकून काही होत नाही. म्हणजे दर मीटिंगला तो सामना झाला तर हरण्याचा धोका तुमच्याच बाजूला.

त्यांच्यापेक्षा गप्प बसणाऱ्यांकडे लक्ष द्या. १९९४ च्या वंशसंहारानंतर रवांडात रेडिओवर समेटाच्या विषयावरची एक नाट्यमालिका लागायची. एलिझाबेथ पालुक यांनी काही गावांत वर्षभर ती ऐकवली, काही गावांत आरोग्यावरची. लोकांची वैयक्तिक मतं फारशी बदलली नाहीत. बदललं ते हे: ‘आपल्याकडचे लोक काय योग्य मानतात’ याचा त्यांचा अंदाज, आणि त्याबरोबर थोडं वागणं. मीटिंगमध्ये एक माणूस मोठ्याने बोलतो आणि वीस गप्प बसतात, तेव्हा त्या विसांतल्या प्रत्येकाला वाटतं की बाकीचे एकोणीस त्याच्या बाजूचे आहेत. पुढच्या वेळी त्यांनी ते वाक्य टाकलं की भाषण नको. ‘मला नाही तसं वाटत. पुढचा विषय, टाकीची सफाई,’ एवढंच, आवाज न चढवता. तुमच्यानंतर आणखी एकाने तेच म्हटलं की काम झालं.

आणि मीटिंगबाहेर, एकटे गाठून, त्या गृहस्थांना विचारा की नक्की कशाची भीती वाटते. गाडी लावायची जागा जाईल याची? की आपली ओळख असलेली इमारत राहणार नाही याची? पहिल्या भीतीला आकडे दाखवता येतात, दुसरीला ऐकून घ्यावं लागतं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात कार्यकर्ते मायामीत घरोघर गेले, दारात उभं राहून दहाएक मिनिटं बोलले, आणि समोरच्यालाच विचारलं, तुम्हाला कधी कुणी वेगळं पाडलं होतं का? तृतीयपंथी लोकांबद्दलचा आकस त्या दहा मिनिटांनी कमी झाला आणि निदान तीन महिने तसाच राहिला. त्या गृहस्थांनाही कुणीतरी कधीतरी वेगळं पाडलं असेल. विचारून तर बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. सहन करण्याला तळ असतो. कुणाला मारहाण, धमकी, कुणाच्या मुलीला घरात कोंडणं, हे त्यांच्यात होवो की आपल्यात, ते खपवून घेण्याच्या यादीतच येत नाही. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये म्हटलं होतं की अमर्याद सहिष्णुता शेवटी सहिष्णुतेलाच गिळते. पण तुमच्या पत्रात या जातीचं काहीही नाही. चपला आहेत, गाणं आहे, आणि एक अर्ज आहे.

तर त्या बाई पुढच्या महिन्यात अर्ज घेऊन येतील तेव्हा सही करू नका. वही पुढे करा. ‘यापुढे अर्ज नको, सगळ्यांसारखं इथेच लिहा,’ म्हणा, आणि कमिटीच्या ठरावात हे आधीच घालून घ्या, म्हणजे ते तुमच्या मर्जीवर राहणार नाही. माफी वगैरे मागू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल. त्याच बैठकीत जिन्यातल्या चपलांचा विषय काढा. सगळ्या कार्यक्रमांना चालेल अशी एक मोठी मांडणी हॉलच्या दाराशी लागेल. ती कुठे बसवायची याचं माप घ्यायला त्यांना बरोबर घ्या, टेपचं एक टोक त्यांच्या हातात द्या.

एकच अडचण आहे. तुमच्या मूळ पत्रात मुलाचं नाव होतं, त्या गृहस्थांचं होतं, विरोध करणाऱ्या दोघांची होती. ती मी गाळली. त्या बाईंचं नाव मला गाळावं लागलं नाही. वहीत त्या स्वतःच लिहितील, तेव्हा वाचून घ्या.